भरलेल्या उशीचे तोंड आणि यंत्राची टीप: गैरसमज व वस्तुस्थिती

उशी एकदा भरली की तिचे तोंड हातानेच शिवावे लागते, हा समज घरगुती शिवणकामात पक्का रुजलेला आहे. परंतु बाजारातून आणलेल्या उशीचा अभ्रा काढून आतल्या खोळीच्या कडा पाहिल्या, तर त्यांपैकी एका कडेवर काठालगत सरळ गेलेली यंत्राची टीप बहुधा आढळते. अडचण उशी भरलेली असण्यात नसून भरण शिवणीपर्यंत येण्यात आहे. आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या पेटंटातील यंत्राने उभी चालणारी सुई आणि आडव्या पाटावर कापड दाबून धरणारा फूट अशी मांडणी पुढे आणली, आणि घरगुती यंत्र आजही याच तत्त्वावर चालते: फूट वरून दाबतो व खालचे दात कापड पुढे सरकवतात. त्यामुळे फुटाच्या रुंदीपुरती पट्टी सपाट असली की पुरते. उरलेला फुगवटा सुईच्या डाव्या बाजूला ठेवून हाताने पेलावा, कारण तो लोंबला तर कापड ओढले जाऊन टीप वाकडी जाते.

जाड सुई किंवा दणकट यंत्र असले की भागते, हा दुसरा गैरसमज. काठ आत दुमडल्यामुळे तोंडाशी कापडाचे चार थर होतात आणि ते १४ किंवा १६ नंबरची सुई सहज भेदते. मात्र फुगवट्यामुळे कापड ओढले गेले तर सुई वाकते, वरच्या दोऱ्याचा फास खालच्या हुकात सापडत नाही आणि टाके सुटतात, प्रसंगी सुईच मोडते. यावरचा उपाय साधा आहे. काठ भरण्यापूर्वीच दुमडून इस्त्री करावेत, भरण आत लोटून काठापासून चार-पाच सेंटिमीटरवर कच्चा धावदोरा घालावा, म्हणजे ते परत पुढे येत नाही, आणि काठापासून दोन-तीन मिलिमीटरवर टीप मारून दोन्ही टोकांना उलटी टीप द्यावी. टाका बारीक तितका मजबूत, हेही खरे नव्हे. अतिबारीक टाक्यांनी कापडाला छिद्रांची रांग पडून ते तेथेच फाटू शकते, म्हणून सुमारे तीन मिलिमीटरचा टाका योग्य ठरतो.

तोंड लहान ठेवले की काम सोपे होते, असेही मानले जाते. प्रत्यक्षात अरुंद तोंडातून भरण कोंबताना काठ ताणले जातात आणि शिवण लहरी येते. तोंड सरळ बाजूवर, हात मोकळा आत जाईल इतके असावे. कोपऱ्यावर किंवा गोलाईवर ते मुळीच ठेवू नये, कारण गोलाईतील तिरपा कापलेला भाग लगेच ताणला जातो.

यंत्राची ही टीप बाहेरून दिसते, पण अभ्र्याखाली जाणाऱ्या उशीत तो दोष नव्हे. घट्ट भरलेल्या, गोलाकार बाहुल्यांच्या बाबतीत मात्र सपाट पट्टी मिळतच नाही. तेथे दोन्ही काठांच्या घडीतून आळीपाळीने घातलेला, दोरा ओढताच लपणारा हाताचा टाकाच श्रेयस्कर. लहान मुलांच्या खेळण्यांत धावदोऱ्याऐवजी टाचण्या वापरल्यास त्या लावताना आणि काढताना मोजाव्यात.