अंगठ्याची बँक आणि संचालकाची खुर्ची

माण तालुका म्हणजे सातारा जिल्ह्याचा दुष्काळी कोपरा. या तालुक्यातल्या म्हसवडला एक लोहारकाम करणारी बाई रस्त्याकडेलाच राहत होती. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोजच्या कमाईतले थोडे पैसे बँकेत टाकायचे होते. कर्ज तिने मागितलेच नव्हते. तरी बँकेने खाते उघडून दिले नाही. एवढी लहान रक्कम कोण सांभाळणार?

तिची ही अडचण चेतना गाला सिन्हा यांच्यापर्यंत पोचली. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या चेतनाताई लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या होत्या. मग बायांचीच बँक काढायची, असे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण काय, तर सभासद बायांनी सहीच्या जागी अंगठे उमटवले होते. बाया रडत बसल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचा वर्ग लावला. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आम्हाला यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. बँक चालवणाऱ्याच बाया असल्या की गिऱ्हाईक बाईची अडचण सांगावी लागत नाही. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई दुकान टाकून बँकेत कशी येणार? म्हणून बँकच तिच्याकडे जाऊ लागली. पुढे यंत्राचा व्यवहार आला, तेव्हा गुप्त आकडा लक्षात ठेवा, असे बायांना सांगण्यात आले. एक सभासद म्हणाली, आकडा कोणीही चोरेल. माझा अंगठा घ्या, तो चोरता येत नाही. ज्या अंगठ्यापायी अर्ज फेटाळला गेला, तोच अंगठा कुलूप ठरला! 2018 साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष सगळ्या स्त्रियाच होत्या. त्यात चेतनाताईही होत्या.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीत निदान एक स्त्री संचालक हवी, असे ठरले. नॉर्वेने तर सन 2003 मध्येच 40 टक्क्यांचा कायदा केला होता. आपल्याकडे काय झाले? अनेक कंपन्यांनी मालकाची बायको, नाहीतर मुलगी आणून बसवली. कायदा पाळला, खुर्ची घरातच राहिली. मग सेबीने सांगितले की पहिल्या 1000 कंपन्यांत 1 एप्रिल 2020 पासून घराबाहेरची, स्वतंत्र स्त्री संचालक पाहिजे. स्त्रिया वरच्या जागी असल्या की धंद्याला नफा जास्त होतो, असे काही पाहण्या सांगतात. पण स्त्रियांमुळे नफा झाला, की बरकतीत असलेल्या कंपन्यांनीच स्त्रिया घेतल्या, हा वाद मिटलेला नाही. आम्ही त्यात पडत नाही. नफा होवो न होवो, हक्क तो हक्क.

आपल्या वस्त्यांतही मालकाच्या बायकोची गोष्ट घडतेच. एका गावात बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. अध्यक्षीणबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. वही त्यांच्या यजमानांच्या मांडीवर होती आणि हिशेबही तेच वाचत होते. चहा मात्र अध्यक्षीणबाईंनी केला.

सांगली जिल्ह्यात तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये बाया दिवसभर माल निवडतात. कुठला दाणा कुठल्या प्रतीचा, हे त्यांची बोटे न बघता सांगतात. पण भाव ठरतो त्या टेबलाशी यांपैकी किती जणी बसतात? सहकारी संस्थेत स्त्रियांना दोन जागा राखीव आहेत. त्या जागी शेडमधली बाई का पोचत नाही, हे विचारायला हवे.

पोचलेल्याही आहेत. अकोला जिल्ह्यातल्या आपल्या समाजातल्या कल्पना सरोज यांच्याकडे मुंबईच्या कामानी ट्यूब्ज कारखान्याचे कामगारच 2000 साली आले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कारखाना कामगारांच्या मालकीचा झाला होता, पण कर्जात बुडाला होता. 2006 साली त्या अध्यक्ष झाल्या, कारखाना उभा राहिला, 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. बुडत्या कारखान्यात बाईला बोलावणे आले, याचे आम्हाला थोडे हसूही येते. चालत्या गाड्याची चावी कोण देतो?

धंद्याला भांडवल लागते, भांडवलाला तारण लागते आणि तारणाला सातबारा. म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीचा आणि पत्नीचा वाटा मांडला आणि ते बिल रखडल्यावर 1951 साली मंत्रिपद सोडले. वारसाचा तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. तरीही भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन बहिणीच्या दारात येतो आणि ती माहेर तुटेल या भीतीने सही करते. वाचायला शिकलेली बहीणही तो कागद न वाचताच सही करते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.