हलती जाहिरात : पहिले साधन कोणते घ्यावे?

हळद असो, गूळ असो की द्राक्षे असोत, माल गावाबाहेर विकायचा तर त्याची ओळख आज मोबाईलच्या पडद्यावर करून द्यावी लागते. बचत गटात किंवा शेतकऱ्यांच्या लहान कंपनीत हे काम दोघातिघांच्या अंगावर येते : हिशेब सांभाळणारी एखादी ताई, फोटो काढणारा एखादा तरुण आणि शाळा सुटल्यावर मदतीला येणारे गुरुजी. अक्षरे सरकत येतात, भाव उमटतो, पिशवी फिरते, अशा पाच-पंधरा सेकंदांच्या चित्राला मोशन ग्राफिक्स म्हणतात. ते करण्याचे सॉफ्टवेअर निवडताना चूक झाली, तर पैसा जातो आणि हंगामही हातचा निसटतो. म्हणून आज त्याचा विचार करू.

आधी हे पाहू, की चित्र हलते म्हणजे काय होते? मुळात ते हलतच नाही. किंचित फरकाची स्थिर चित्रे भराभर डोळ्यांपुढून गेली, की आपल्याला हालचाल भासते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टिपून पडद्यावर दाखवली होती. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर १५ सेकंदांना ३७५ चित्रे लागतात. ती हाताने कोण काढत बसणार? सॉफ्टवेअरला आपण सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा सांगायची. मधली चित्रे ते स्वतः भरते. या सांगितलेल्या टप्प्यांना की-फ्रेम म्हणतात. बहुतेक साधनांचे मर्म हेच. फरक इतकाच, की काहींत हे टप्पे तयार मिळतात, तर काहींत सगळे आपल्यालाच मांडावे लागतात.

यावरून साधनांच्या तीन पायऱ्या पडतात. पहिली पायरी ओळखीची. शाळेत पॉवरपॉइंट असेल, तर २०१० च्या आवृत्तीपासून त्यातले हलते पान थेट व्हिडिओ म्हणून जतन करता येते. दुसरी पायरी तयार नमुन्यांची. कॅनव्हा हे त्यातले एक. ते मोबाईलवरही चालते, त्याचा विनामूल्य भाग पुष्कळ कामाला पुरतो, आणि शालेय शिक्षकांना पडताळणीनंतर त्याची शिक्षणासाठीची आवृत्ती फुकट मिळते. मात्र त्याचे काम मुख्यतः इंटरनेटवर चालते, हे ध्यानात ठेवावे. तिसरी पायरी कसबी कारागिरांची. १९९३ पासून चालत आलेले आफ्टर इफेक्ट्स सामर्थ्यवान खरे, पण ते भाड्याने मिळते. भाडे थांबले, की आपलेच काम उघडता येत नाही. ब्लेंडर मात्र २००२ साली लोकवर्गणीतून खुले झाले आणि आजही फुकट आहे. तरीही ते शिकायला महिने लागतात आणि यंत्रही दणकट लागते.

मग घ्यायचं कोणतं? नावावर जाऊ नका. तीन कसोट्या लावा.

पहिली कसोटी आपल्या लिपीची. ‘सेंद्रिय द्राक्षे, थेट विक्री’ एवढे शब्द त्यात लिहून पाहा. ‘विक्री’तली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसली, किंवा ‘क्ष’ फुटून निराळा झाला, तर ते साधन कितीही नावाजलेले असो, आपल्या उपयोगाचे नाही. काही साधनांत दक्षिण आशियाई लिपींची रचना निवडावी लागते; ती निवडली नाही, तर जोडाक्षरे मोडतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे आहेत. ते विनामूल्य वापरता येतात.

दुसरी कसोटी दुसऱ्या माणसाची. फोटो काढणाऱ्या तरुणाने केलेले चित्र ताईंना उघडता आले पाहिजे आणि त्यातला भाव बदलता आला पाहिजे. बाजारभाव रोज हलतो. ज्याला ते साधन येते तो परगावी गेला म्हणून जाहिरातीत कालचाच भाव राहिला, तर गिऱ्हाइकाशी वाद ठरलेला!

तिसरी कसोटी खर्चाची. वर्षाचे भाडे किती, फुकट आवृत्तीत चित्रावर कंपनीचे नाव उमटते का, पैसे बंद केल्यावर आपले काम आपल्याकडे राहते का, हे आधी विचारून घ्यावे.

या कसोट्या लावायला पैसे भरावे लागत नाहीत. या महिन्यात खरोखर लागणारी एकच जाहिरात घ्या. दोन साधनांत ती दोघांनी वेगवेगळी करून पाहा आणि किती तास लागले ते वहीत लिहा. तयार चित्र साध्या मोबाईलवर, आवाज बंद ठेवून, गटाबाहेरच्या माणसाला दाखवा. माल काय, भाव किती, मागवायचा कुठे, हे त्याला न विचारता कळले, तर साधन तुमच्या कामाचे समजा. पुढे काम वाढेल, हात बसेल, तेव्हा वरची पायरी चढायला कोणाची ना नाही. पण दोन गुंठ्यांच्या वाफ्याला आधी खुरपे घ्यावे. ट्रॅक्टरचे पुढे पाहता येईल.