गोधडीचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार होतो, क्वचित् एखाद्या घाटाचाही होतो; परंतु गोधडीचा जीर्णोद्धार हे शब्द वाचून कित्येक वाचकांस हंसूं येईल, हें मी जाणून आहें. तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून रूपें आणि समास घोकून घेण्यांत घालविलेल्या मनुष्यानें सुई-दोऱ्याच्या प्रांतांत कां शिरावें, असेंही कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, गेल्या मार्गशीर्षांत माझ्या हातून एक प्रमाद घडला, आणि त्याचें परिमार्जन करतां करतां जें शिकलों तें घरोघरच्या गृहिणींच्या, व सवड असलेल्या निवृत्त गृहस्थांच्याही, उपयोगीं पडेल असें वाटलें.

प्रथम वस्तूविषयीं दोन शब्द. संस्कृतांत हिला ‘कन्था’ म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती विरक्ताची खूण म्हणून येते. आद्य शंकराचार्यांच्या नांवावर चालत आलेल्या चर्पटपंजरिकेंत तर ती रस्त्यावरच्या चिंध्यांची केलेली आहे. बंगालमध्यें तोच शब्द ‘कांथा’ म्हणून नांदतो. जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत धागे काढून त्यांनींच तिच्यावर वेल-फुलें भरण्याची चाल तिकडे होती. कर्नाटकांत हिला कौदी म्हणतात, बिहारमध्यें सुजनी, आणि आपल्याकडे खेड्यांतून वाकळ. आमच्या घरांत मात्र गोधडीस मान असा कधींच नव्हता. सोवळ्यांत लोंकरीची धाबळी चाले, गोधडी चालत नसे. पहांटे तिला स्पर्श झाला कीं पुन्हां स्नान! रात्रभर ऊब देणारी वस्तू उजाडतांच अस्पृश्य व्हावी, हा न्याय मला बालपणीं देखील कळला नाहीं.

गोधडीची रचना सोपी आहे. नऊ वारांच्या लुगड्याच्या चार घड्या केल्या असतां प्रत्येक घडी सव्वादोन वारांची, म्हणजे साडेचार हातांची होते, आणि तेवढ्या लांबींत मनुष्य पाय पसरून निजूं शकतो. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. वर-खालीं धड लुगडें, मधें विरलेलीं धोतरें, उपरणीं, पंचे असे पांच-सात थर पसरून त्यांवर धांवदोरा घालीत जावें, कीं झाली गोधडी. तिची ऊब कापडांत असते त्याहून अधिक थरांच्या मधें अडकलेल्या हवेंत असते. म्हणूनच एका जाड कापडापेक्षां पांच पातळ थर अधिक उबदार लागतात, आणि म्हणूनच टांके फार दाट व घट्ट घातले तर गोधडी चामड्यासारखी ताठ होऊन तिची ऊब जाते.

ती झिजते कोठें? बहुधा तीनच ठिकाणीं: उशाकडील कडेला, कारण तेथें डोक्याचें तेल, घाम व हातांची ओढ लागते, वर्षानुवर्षें एकाच रेषेवर पडणाऱ्या घडीला, आणि वरच्या अभ्र्याला. आंतले थर पुष्कळदां धडधाकट असतात. म्हणून जाणत्या स्त्रिया जुनी गोधडी उसवीत नसत. तिच्यावर नवा पदर चढवीत. फारच जीर्ण झाली तर तिलाच मधें घालून दुसरी शिवीत. ती सगळी उसवूं लागावें तर टांक्यांनींच एकत्र धरलेले विरलेले थर हातांत येतात, आणि उरतात त्या चिंध्या.

आतां माझा प्रमाद सांगतों. आमच्या वाईच्या घरीं माळ्यावरच्या ट्रंकेंत आईच्या हातची एक गोधडी होती. १९७२ सालीं, दुष्काळाच्या वर्षीं, तिनें ती शिवली; तेव्हां मी बारा वर्षांचा होतों, आणि सुया ओवून देण्याचें काम माझ्याकडे होतें. नातवासाठीं म्हणून सूनबाईंनीं ती काढली, तों वरचें कापड उशाकडे विरलेलें, एके जागीं अंगठ्याएवढें भोंक. हिची आतां पायपुसणीं करावींत, असें त्या सहज बोलून गेल्या. मला तें लागलें. ‘मी स्वतः धुऊन नीट करतों’ असें म्हणून मीं ती कढत पाण्याच्या मोठ्या बादलींत मूठभर धुण्याची पूड टाकून रात्रभर भिजत घातली. सकाळीं पाहतों तों पाणी डाळिंबाच्या रसासारखें लाल! घाबरून एका कडेला धरून ती वर ओढली, आणि आंतल्या पाण्याच्या भारानें तें अंगठ्याएवढें भोंक हातभर फाटलें.

वरच्या अभ्र्यांत लाल रंगाचा एकही धागा नव्हता. मग हा रंग आला कोठून? कडेचे टांके वीतभर उसवून पाहिलें. वर आईचें हिरवें लुगडें, त्याखालीं वडिलांचें धोतर, आणि त्याखालीं तांबड्या रंगाचें जाड, घट्ट विणीचें एक वस्त्र. माझी आत्या नव्वदीला टेकलेली आहे, ती झोपाळ्यावरून उठून आली, दोन बोटांनीं तें कापड चोळून पाहिलें आणि म्हणाली, “अरे, हें आईचं आलवण.”

माझे आजोबा १९३९ सालीं वारले. आजी त्या वेळीं सत्तावीस वर्षांची होती. महर्षि कर्व्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ सालीं; म्हणजे त्याला त्रेचाळीस वर्षें उलटलीं होतीं, आणि वाईहून पुणें कांहीं फार दूर नाहीं. तरीही आमच्या घरीं तिचें केशवपन झालें, व त्या दिवसापासून १९७१ सालीं डोळे मिटेपर्यंत आलवणाखेरीज दुसरें वस्त्र तिच्या अंगावर चढलें नाहीं. हें मीं बालपणीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. पुढें शाळेंत मुलांस समाजसुधारणेचा धडा शिकविण्याचे प्रसंग अनेक वेळां आले. त्या धड्यांत माझें घर मला एकदांही दिसलें नाहीं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

आत्या सांगूं लागली, “आई गेली तेव्हां तिचीं दोन आलवणं मागं राहिलीं. घरांतली कुठली बाई त्याला हात लावणार? नदींत सोडा म्हणून सगळे मागं लागले. तुझी आई कांहीं बोलली नाहीं. धुऊन वाळवून ठेवलीं, आणि पुढच्या वर्षीं गोधडींत मधें घातलीं. वर दिसलं असतं तर कुणी पांघरूं दिलं असतं का? हळदीकुंकवाला, ओटी भरायला, आईला कधीं कुणी पुढं येऊं दिलं नाहीं. दाराआडून बघायची. वहिनी मला म्हणाली, आतां सगळीं पोरं सासूबाईंच्या कुशींत निजूं देत. कुणाला सांगूं नको म्हणाली, म्हणून नाहीं सांगितलं.”

ज्या गोधडीखालीं आम्ही भावंडें वाढलों तिच्यांत काय आहे हें सुया ओवून देणाऱ्या मला ठाऊक नव्हतें. बहुधा मी शाळेंत असतांना तो थर घातला गेला असावा.

सूनबाईंनीं एक व्यवहाराचा प्रश्न काढला, आणि तो योग्यच होता. रंग असाच सुटत राहिला तर लहान मुलाच्या अंगाला व कपड्यांना लागेल, मग हें वस्त्र काढून निराळें जपून ठेवावें काय? परंतु तें काढायचें म्हणजे सगळी गोधडी उसवावी लागणार. शेवटीं असें ठरलें कीं, आधीं सुटा रंग निघून जातो कीं काय तें पाहावें. मोठ्या घंगाळांत गार पाणी घेऊन, गोधडी पिळल्याशिवाय केवळ दाबून, पाणी बदलीत गेलों. नवव्या घंगाळास पाणी स्वच्छ राहिलें. मग पांढरा ओला रुमाल तिच्यावर दाबून पाहिला. डाग उमटला नाहीं. कढत पाणी आणि तीव्र पूड यांनीं रंग सुटतो, हें मला आधीं कळावयास हवें होतें. आई ती कृष्णेच्या थंड पाण्यांत धूत असे.

ओली गोधडी उचलण्याची रीत अशी. तिच्याखालीं आधीं एक मजबूत चादर सरकवावी, आणि चादरीचीं चारी टोकें धरून दोघांनीं उचलावी. भार चादरीवर पडतो, गोधडीवर नाहीं. दोरीवर टांगूं नये. सावलींत, वारा लागेल अशा जागीं, चादरीवरच पसरून वाळवावी व दोन-तीन वेळां उलटावी. प्रखर ऊन कापसाच्या तंतूंना कमकुवत करतें व रंग उडवितें. तेव्हां गोधडीला ऊन दाखवावें, पण दिवसभर उन्हांत टाकूं नये.

दुरुस्तीचें काम आत्येच्या देखरेखीखालीं झालें. दृष्टि मंदावली असली तरी तिचीं बोटें अद्याप अचूक आहेत. नव्या अभ्र्यासाठीं तिनें आपलें एक सुती इरकली लुगडें काढून दिलें. मीं बाजारांतून नवें कापड आणण्याचें सुचविलें, तेव्हां तिनें मला वेड्यांत काढलें. नवें कोरें कापड पहिल्या धुण्यांत आटतें, आणि आटतांना आपल्याबरोबर जुन्या कापडाला ओढून टांक्यांच्या रेषेवर फाडतें. नवेंच वापरणें प्राप्त असेल तर तें रात्रभर भिजवून, दोनदां धुऊन, मऊ करून घ्यावें. हल्लींच्या पॉलिस्टरच्या साड्या या कामीं निरुपयोगी आहेत. त्या घाम टिपीत नाहींत, आणि जुन्या सुतावरून निसटतात. दोराही सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा विरलेल्या कापडापेक्षां बळकट असतो, म्हणून ताण पडला कीं दोरा तुटत नाहीं, कापड कापलें जातें. सुती दोरा तुटला तर पुन्हां घालतां येतो.

आधीं फाटलेला भाग. फाटीच्या दोन्ही कडा ओढून एकत्र शिवण्याचा मोह मला झाला; तसें केल्यास तेथें चुणी पडून शेजारचें कापड फाटतें. कडा जशा पडतील तशा सपाट ठेवाव्या, आणि फाटीपेक्षां चारी बाजूंनीं चार-चार बोटें मोठें ठिगळ घेऊन त्याचे टांके धड कापडांत घालावे. ठिगळाचे कोपरे किंचित् गोल कापावे; टोंकदार कोपरा लवकर उचलला जातो.

त्यानंतर फरशीवर गोधडी पसरून तिच्यावर लुगड्याची घडी घातली, व सुरकुती राहूं नये म्हणून कोपऱ्यांवर वजनें ठेवलीं. माझ्या आपट्यांच्या कोशाचा एवढा उपयोग आजवर कोणी केला नव्हता, असें आत्येचें मत पडलें. मग मध्यापासून कडांकडे लांब-लांब कच्चा दोरा घालावा, म्हणजे चुण्या बाहेर सरकत जातात. हें काम माझ्याकडे होतें. पक्का धांवदोरा मात्र कडेपासून सुरू करून चौकोनामागून चौकोन घालीत आंत यावा, जुन्या ओळींच्या मधून. टांका तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा हातभरच लांब घ्यावा, अधिक घेतला तर गुंततो व घासून विसविसतो. सुईला मेण लावलेला दोरा ओवावा. गांठ थरांच्या मधें लपवावी. आणि दोरा ओढतांना कापडावर खळी पडली कीं थांबावें. शिवणयंत्र वापरूं नये. त्याचे टांके इतके जवळजवळ पडतात कीं जुन्या कापडाला भोंकांची रांगच पडते, आणि तें टपालाच्या तिकिटासारखें त्या रेषेवर सुटतें. शेवटीं उशाकडील कडेला लुगड्याच्या काठाचा दुहेरी गोट लावला. झीज प्रथम तेथेंच व्हावयाची. पुढें गोट तेवढा बदलला कीं भागतें.

आत्या, सौभाग्यवती, सूनबाई आणि मी अशा चौघांस, दुपारचे दोन तास धरून, एकवीस दिवस लागले. माझे टांके कोणते हें कोणालाही ओळखूं येतें.

गोधडी ठेवण्याविषयीं थोडेंसें. प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवूं नये. दमट हवा कोंडून तीस बुरशी येते. जुन्या सुती चादरींत गुंडाळून, सुकविलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. खळ राहूं देऊं नये, कारण कसर खळीवर येते. घडी दर खेपेस निराळ्या जागीं घालावी. डांबराच्या गोळ्या तान्ह्या मुलांच्या दुपट्यांत व गोधड्यांत मुळींच घालूं नयेत. कांहीं मुलांच्या रक्तांत जन्मतः एक उणीव असते, व त्या गोळ्यांच्या वाफेनें त्यांच्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होते.

नातू सध्यां त्याच गोधडीखालीं निजतो. वरून इरकली, खालून इरकली, मधें सगळें पूर्वींचेंच. पायाकडील कडेला वीतभर जागा पक्की न शिवतां कच्च्या दोऱ्यानें बंद केली आहे. पुढें जो कोणी ही धुवावयास काढील त्यानें तेवढे टांके उसवून आंत काय आहे तें पाहावें, आणि मग पाणी घ्यावें. थंड.