पाचशे प्रती, एक सतरंजी

पुस्तक छापून आणणं हल्ली फारसं अवघड राहिलेलं नाही. डीटीपी करणारा गल्लीत मिळतो, मुखपृष्ठ कुणाच्या तरी भाचीला करता येतं, आयएसबीएन क्रमांकाला तर पैसेही पडत नाहीत. खरा प्रश्न त्यानंतरचा. टेम्पोतून गठ्ठे येतात, कॉटखाली जातात, आप्तेष्टांना वाटून होतात. आणि मग? घरचे तोंडावर काही म्हणत नाहीत, पण केर काढताना गठ्ठे सरकवावे लागले की त्यांचा चेहरा बोलतो.

मी सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं आरोग्यसेविका होते. गावाच्या भाषेत नर्सबाई. डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष. कागदावर तीन हजार माणसं, पायाखाली मात्र सात वाड्या आणि दोन ओढे. आशाताई आल्या त्या २००५ नंतर. त्याआधी लसीचा डबा खांद्याला लावून एकटीनंच चालायचं. ते सगळं निवृत्तीनंतर वहीत उतरवलं. एका प्रकाशकांनी ‘असलं खपत नाही’ म्हणून परत केलं. दुसऱ्यांनी छपाईच्या खर्चाहून जास्त पैसे मागितले आणि प्रती किती काढणार ते काही सांगेनात. शेवटी फंडातले ६४ हजार काढले आणि स्वतःच पाचशे प्रती छापल्या. आमच्या ह्यांच्या मनात त्या पैशात स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा होता. ते काही बोलले नाहीत, म्हणून तर जास्त टोचलं.

पाचशे या आकड्याला आपल्याकडे एक इतिहास आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, तेही पाचशेच प्रतींत. किंमत नऊ आणे. टीका एवढी झाली की बाईंनी पुन्हा पुस्तक काढलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते घराघरांत पोचलं. मधली नव्वदहून अधिक वर्षं गेली! आपण काही ताराबाई नाही. पण बाईनं लिहिलेलं नुसतं छापून भागत नाही, ते वाचणारीच्या हातात जावं लागतं, एवढं यातून नक्की कळतं.

दुकानात ठेवायला गेले, तर विक्रेत्यानं ४० टक्के कमिशन सांगितलं, तेही विकल्यावर हिशेब. मोठा हॉल, पाहुणे, शाल-श्रीफळ, चहा-बटाटेवडा असा प्रकाशन समारंभ करायचा तर पंधरा-वीस हजार हवेत. म्हटलं, आपण आयुष्यभर लोकांच्या ओसरीवर जाऊन काम केलं, आता पुस्तकही ओसरीवरच न्यावं.

सुरुवात संक्रांतीला केली. दरवर्षी हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या लुटतो. दोनशे रुपयांचं पुस्तक वाण म्हणून देणं कुणाला परवडणार? म्हणून एका प्रकरणाची सोळा पानी पुस्तिका काढली, पिना मारलेली. एकीला बारा रुपये पडले. साठ काढल्या, ७२० रुपये झाले. शेवटच्या पानावर पुस्तकाची किंमत आणि माझा फोन नंबर. शेजारच्या विधवा वहिनींनाही हक्कानं बोलावलं, वाण दिलं. रथसप्तमीपर्यंत चार मैत्रिणींनी आपापल्या घरच्या हळदीकुंकवासाठी तीच पुस्तिका मागून नेली. आणि फोन यायला लागले, ‘पुढं काय झालं हो त्या बाळंतिणीचं?’ म्हणजे गोष्ट अर्ध्यावर तुटेल असं प्रकरण निवडायचं, हे ध्यानात ठेवा!

मग वाचनालय. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, ८ मार्चला महिला दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करायचा असतो आणि वक्ता शोधायचा असतो. आपण महिनाभर आधी ग्रंथपालांना भेटावं. एक प्रत त्यांना भेट द्यावी, मानधन मागू नये, फक्त दाराशी एक टेबल मागावं. जागा त्यांची, सतरंजी त्यांची, श्रोतेही त्यांचेच. आपला खर्च एसटीच्या तिकिटाचा.

ज्येष्ठ नागरिक संघात माणसं भरपूर, टाळ्याही भरपूर, खरेदी कमी. उलट आशाताईंच्या मासिक सभेत, मेडिकल ऑफिसरांची परवानगी घेऊन, काम संपल्यावर फक्त वीस मिनिटं मिळाली, तर एकवीस प्रती गेल्या. निम्म्या उधारीवर, ‘मानधन झालं की देते बाई’ म्हणून. वहीत नावं लिहिली. एकही रुपया बुडाला नाही.

सगळ्यात जड गेलं ते माझ्याच जुन्या उपकेंद्राच्या गावात जाणं. १९९३ च्या पावसात तिथं एक बाळ दगावलं होतं. ओढ्याला पाणी, जीप पलीकडे. ते प्रकरण छापण्याआधी त्या माउलीला वाचून दाखवलं होतं. नाव घालू नका, बाकी असू द्या, एवढंच ती म्हणाली होती. आता बचत गटाच्या बायकांपुढे, समाजमंदिरात तेच वाचायचं, आणि ती मागं भिंतीला टेकून बसलेली. ‘तू सांग, नको म्हणालीस तर दुसरं वाचते,’ असं तिला आधी विचारलं. ती म्हणाली, “वाचा की. कळू द्या पोरीस्नी.”

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. थोड्या वेळानं एक आजी म्हणाली, “माझंबी असंच झालं हुतं. कुनाला सांगितलं न्हाई.” मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. तासभर मी नुसती ऐकत होते. शेवटी एका तरण्या सुनेनं विचारलं, ‘आता १०८ ची गाडी आहे, पण वरच्या वस्तीवर फोनला रेंजच नाही, मग गाडी बोलवायची कुणी?’ महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, पण फोनच लागला नाही तर तिचा उपयोग काय? तिथंच बसून ठरलं, की रात्री-अपरात्री वस्तीवरून निरोप कुणाच्या घरी आणायचा आणि तिथून फोन कुणी करायचा. दोन घरं ठरली. त्या दिवशी सहाच प्रती खपल्या. त्यातल्या दोन त्या माउलीनं घेतल्या, एक पुण्याच्या लेकीसाठी.

परत येताना हे सोबत होते. गाडीत म्हणाले, “पुढच्या खेपेला सतरंजी आपलीच नेऊ. त्यांची फाटकी आहे.” ओट्याचा विषय निघाला नाही.

आता हिशेब, कारण बायका हिशेबाला पक्क्या असतात. दीड वर्षात २३ कार्यक्रम झाले. पुस्तिका, प्रवास, फोटोकॉपी धरून ६,९०० रुपये लागले. ३१८ प्रती सवलतीत, १५० रुपयांनी विकल्या, ४७,७०० आले. ४० भेट गेल्या. त्यात कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या ठिकाणी पाठवायच्या प्रतीही आल्या. १९५४ च्या कायद्यानं ते प्रकाशकाचं काम आहे आणि इथं प्रकाशक आपणच असतो! अजून २३,२०० रुपये अंगावर आहेत आणि १४२ प्रती शिल्लक. त्या सगळ्या गेल्या तरी दोनेक हजारांची खोट राहील. नफ्यासाठी या वाटेला कुणी जाऊ नये.

पण ज्या मैत्रिणीला जावंसं वाटतं, तिला चार गोष्टी सांगते. पहिल्यांदाच हजार प्रती काढू नका. भाषण करू नका, वाचा, आणि दहा मिनिटांत थांबा. सुटे पैसे जवळ ठेवा आणि मोबाइलवर पैसे घेण्याचा क्यूआर कोडही छापून न्या. विकत घेणारीचं नाव आणि गाव वहीत लिहा, कारण पुढचं आमंत्रण तिच्याच गावाहून येतं. आणि वाचून झाल्यावर निघायची घाई करू नका. बायका लगेच बोलत नाहीत. चपला घालता घालता बोलतात. तेवढा वेळ आपण तिथं असायला हवं.