जाळी, होड्या आणि डायक्रोमेट

तलासरी तालुक्यातील झाई हे गुजरातच्या सीमेलगतचे मच्छीमारांचे गाव. नायलॉनचा प्रसार होण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावरील जाळी सुताची वा तागाची असत. समुद्रातील सूक्ष्म जंतू हे तंतू अल्पावधीतच कुजवीत. आणि जाळे गेले म्हणजे हंगामही गेला. म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात जाळी बुडवीत. परंतु सालीतील टॅनिन पाण्यात हळूहळू धुपून जाई. यावर उपाय म्हणून काढा दिलेली जाळी पोटॅशियम डायक्रोमेटच्या सौम्य द्रावणात भिजविण्याची पद्धत पुढे आली. नारिंगी स्फटिकांचे हे रसायन तीव्र ऑक्सिडीकारक आहे. टॅनिनचे ऑक्सिडीभवन होताना क्रोमियम त्याच्याशी संयोग पावते आणि पाण्यात न विरघळणारे संयुग तंतूवर पक्के बसते.

लाकडाच्या बाबतीतही तत्त्व जवळपास हेच. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, आर्सेनिक व डायक्रोमेट यांचे मिश्रण शोधून काढले. तांबे बुरशीला आणि आर्सेनिक किडीला आवर घालते. क्रोमियम त्या दोहोंना लाकडात जखडून ठेवते. मात्र आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबला.

डायक्रोमेटचे मूळ क्रोमाइट या खनिजात आहे. ते सिंधुदुर्गात कणकवली परिसरातही आढळते. दळलेले खनिज सोडा राखेसह हवेत भाजले की पिवळे क्रोमेट मिळते. त्यावर गंधकाम्ल घातले की नारिंगी डायक्रोमेट तयार होते. कातडी कमावण्याचे क्रोमियम लवण, मुलामा देण्याचे क्रोमिक अम्ल आणि अनेक रंगद्रव्ये त्यापासूनच बनतात.

या रसायनाचे षट्संयुजी क्रोमियम मात्र घातक आहे. त्याने त्वचेवर व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते आणि फुप्फुसाचा कर्करोगही संभवतो. याउलट, कमावलेल्या कातड्यात असते ते त्रिसंयुजी क्रोमियम पुष्कळच सौम्य. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्यात फेरस सल्फेट घालून पहिल्याचे दुसऱ्यात क्षपण करतात, मग चुन्याने ते गाळाच्या रूपाने खाली बसवितात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्रोमियम चालत नाही. पाणी निवळ दिसले तरी प्रयोगशाळेतील तपासणी त्यामुळेच आवश्यक ठरते, आणि उरलेला गाळ उघड्यावर टाकल्यास पावसाळ्यात तोच जवळच्या विहिरीत पाझरू शकतो.

झाईला लागून असलेला डहाणू तालुका केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित करून तेथील प्रदूषणकारी उद्योगांवर निर्बंध घातले.