मुचलक्याची अट मोडली तर?
बेल्ह्याच्या बैलबाजारात कासरा हाती धरून गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता ज्याची परिवीक्षा अधिकाऱ्यापुढील हजेरी चुकली, त्या तरुणास तेवढ्यावरून तुरुंगात धाडलेच पाहिजे, असे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम मुळीच सांगत नाही. कलम ९ अन्वये, अटीचा भंग प्रथमच घडला असल्यास, न्यायालयास मूळ गुन्ह्याची शिक्षा न फर्मावता, ५० रुपयांपर्यंत दंड करून, कमाल तीन वर्षांचा तो मुचलका तसाच पुढे चालू ठेवता येतो. ही तरतूद मला अत्यंत मोलाची वाटते, कारण महिनाभराच्या कैदेत त्याची पेरणी बुडते आणि बैलही विकावे लागतात. दंड मुदतीत न भरल्यास मात्र मूळ शिक्षा होऊ शकते.