बाह्य कर्नल मॉड्यूलांची पुनर्बांधणी

लिनक्स कर्नलाने बाहेरच्या प्रोग्रामांना एक अभय दिलेले आहे. आपल्या अंतर्भागास मात्र दिलेले नाही. सामान्य प्रोग्राम ज्या सिस्टिम-कॉलांच्या द्वारे कर्नलाशी व्यवहार करतात ते मोडावयाचे नाहीत, असा दंडक आहे. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वी कंपाइल केलेला प्रोग्राम आजही सहसा चालतो. अंतर्गत फंक्शने व डेटारचना मात्र कोणत्याही आवृत्तीत बदलण्याची मुभा कर्त्यांनी स्वतःकडे राखून ठेवली आहे. बाह्य मॉड्यूलांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न या भेदातूनच उद्भवतो.

मॉड्यूल म्हणजे कर्नल चालू असतानाच त्यास जोडता येणारा कोडचा भाग. बहुतेक मॉड्यूले कर्नलाच्या मूळ संहितेतच असतात व त्याच्याबरोबरच बांधली जातात. काही मात्र बाहेर राहतात. उदाहरणार्थ, झेडएफएस ही फाइलप्रणाली सीडीडीएल परवान्याखाली असल्याने जीपीएल परवान्याच्या कर्नलात तिचा समावेश झालेला नाही. मॉड्यूल कर्नलाच्याच स्मृतिक्षेत्रात चालते. एखाद्या रचनेतील घटकाचे स्थान काही बाइटांनी जरी सरकले, तरी जुने मॉड्यूल भलत्याच जागी लेखन करील. यास्तव प्रत्येक मॉड्यूलात कर्नल-आवृत्तीची खूण कोरलेली असते, आणि ती न जुळल्यास कर्नल ते मॉड्यूल नाकारतो.

डेबियन १२ सारख्या स्थिर वितरणात कर्नलाची ६.१ ही एकच मालिका कायम ठेवलेली असल्याने हा प्रश्न सौम्य राहतो. आर्च लिनक्ससारख्या रोलिंग वितरणात मात्र नऊ-दहा आठवड्यांनी येणारी प्रत्येक मुख्य आवृत्ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते. तेथे दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिल्यात पॅकेजकर्ता प्रत्येक नव्या कर्नलासाठी मॉड्यूल आधीच बांधून दोन्ही एकाच वेळी प्रसिद्ध करतो. यात वापरणाऱ्याचे श्रम वाचतात, परंतु स्वतः बांधलेल्या कर्नलास असे पॅकेज निरुपयोगी ठरते. दुसरा मार्ग डीकेएमएस या साधनाचा. डेल कंपनीत विकसित झालेले हे साधन मॉड्यूलाची मूळ संहिता यंत्रावर ठेवते आणि स्थापित केलेल्या प्रत्येक कर्नलासाठी ती तेथेच कंपाइल करते. पहिल्या मार्गात अपयश पॅकेजकर्त्याच्या नजरेस येते. दुसऱ्यात ते वापरणाऱ्याच्या वाट्यास येते.

आर्चमध्ये ही बांधणी पॅकमन या पॅकेज-व्यवस्थापकाच्या हुकांद्वारे होते. डीकेएमएसच्या हुकास ७० हा क्रमांक आहे, तर प्रारंभिक रॅम-प्रतिमा रचणाऱ्या हुकास ९०. हा क्रम सहेतुक आहे. तो उलटा असता, तर मॉड्यूलाविना प्रतिमा तयार झाली असती, आणि ज्याची मूळ फाइलप्रणालीच झेडएफएसवर आहे असे यंत्र सुरूच झाले नसते. तथापि हे हुक पॅकेजे स्थापित झाल्यानंतर चालतात. बांधणी फसली तरी नवा कर्नल मागे घेतला जात नाही. हेडरांचे पॅकेज नसणे हे अशा अपयशाचे नेहमीचे कारण होय.

हेडर असूनही बांधणी फसू शकते, कारण मुळात संहिताच जुनी ठरते. मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत झेडएफएस वापरीत असलेली काही फंक्शने काढून टाकण्यात आली, व त्यांच्या जागी उरलेली फंक्शने केवळ जीपीएल मॉड्यूलांस खुली होती. प्रोसेसरच्या सदिश आज्ञा वापरून चेकसम काढण्याची सोय झेडएफएसला काही काळ गमवावी लागली. पुढे प्रोसेसरची स्थिती जतन करण्याची स्वतंत्र व्यवस्था तिच्या कर्त्यांनी केली. पुनर्बांधणी यंत्राकडून करविता येते. संहितेतील दुरुस्ती मनुष्यासच करावी लागते.

यावरून व्यवहाराचे नियम निष्पन्न होतात. कर्नल व हेडर एकाच वेळी अद्ययावत करावेत. पुनरारंभापूर्वी डीकेएमएसची स्थिती तपासावी. आणि दीर्घावधी आधाराचा दुसरा कर्नल, त्याच्या हेडरांसह, नेहमी स्थापित ठेवावा. कायमचा उपाय मात्र एकच. वायरगार्ड हे मॉड्यूल पूर्वी अशाच पुनर्बांधणीवर अवलंबून होते. २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत त्याचा मूळ संहितेत समावेश झाला, आणि तेव्हापासून अंतर्गत बदल करणाऱ्यासच त्याचीही दुरुस्ती करणे भाग पडते.